बाई अजून जेवल्या नाहीत

कॉलेजच्या दिवसांविषयी लिहायचं ठरवलं तेव्हा वाटलं होतं की लेक्चर्स, परीक्षा, ग्रंथालय असं काहीतरी आठवेल. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे ते सगळं माझ्यासाठी मोठंच होतं. पण लिहायला बसले आणि आठवलं ते हडपसरच्या हॉस्टेलच्या बाथरूममधून येणारं बारीक गुणगुणणं. ते ऐकू आलं की वरच्या मजल्यावरच्या मुलीसुद्धा हातातलं टाकून धावत सुटायच्या. बाहेरच्या माणसाला वाटलं असतं की आग लागली आहे. आग परवडली असती. उजागरेबाई खाली बसून न्हाणीच्या जाळीत अडकलेले आमचे केस काढत असायच्या, आणि काढता काढता भजन गुणगुणत असायच्या.

हॉस्टेल एका ख्रिस्ती मंडळीनं चालवलेलं होतं, पण राहायला सगळ्या जातीधर्मांच्या मुली होत्या. सकाळची प्रार्थना ऐच्छिक होती. तरी बहुतेक जणी जायच्या, कारण चहा प्रार्थनेनंतर लगेच तिथंच मिळायचा आणि उशिरा येणारीला साय आलेला मिळायचा. उजागरेबाई अधीक्षिका होत्या. ठेंगण्या, जाड भिंगांचा चष्मा, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. कुणाची जागा ठेवायची आणि कुणाची काढायची हे त्यांच्या एका शब्दावर असायचं, संस्थेचे सेक्रेटरीसुद्धा त्यांना विचारल्याशिवाय खिळा ठोकत नसत. एवढा अधिकार, आणि आवाज असा की जेवणघरात त्या काही सांगू लागल्या की सगळ्यांना पाणी पिणं थांबवावं लागायचं, नाहीतर ऐकू येत नसे.

त्यांनी कुणाला शिक्षा केल्याचं मी पाहिलं नाही. त्या करायच्या ते त्याहून वाईट होतं. एखादी मुलगी सातनंतर आली तर बाई फाटकाजवळ स्टुलावर बसून असायच्या. ती आली की म्हणायच्या, "आलीस का? बस मिळाली नसेल हं. माझंच चुकलं, या दिवसांत वेळ थोडी पुढं करायला हवी होती." मग तिला जेवायला बसवायच्या, समोर उभं राहून वाढायच्या आणि ती उठली की स्वतः जेवायला बसायच्या. शेवटची मुलगी जेवल्याशिवाय बाई जेवत नसत. तोवर आमटी गार झालेली असायची आणि भाकरी वातड. आम्ही जिन्यात बसून ते बघायचो. उशिरा आलेली मुलगी आमच्यात बसून रडायची आणि आम्ही तिची मुळीच समजूत काढत नसू.

याचा परिणाम असा की गाडीतळावर बस उशिरा पोहोचली की आमच्या मुली रिक्षावाल्याला सांगायच्या, "काका, जरा जोरात घ्या, आमच्या बाई जेवायच्या राहिल्यात." एकदा एका रिक्षावाल्यानं शांतपणे विचारलं होतं, "तुम्ही भरवता का त्यांना?" तरी त्यानं रिक्षा जोरात घेतली.

माझी खोलीतली जोडीदारीण रूथ साळवे नगरकडची, तीन पिढ्यांची ख्रिस्ती. पहिल्याच महिन्यात मी तिला विचारलं, की हे काय प्रकरण आहे, या रागवत का नाहीत? रूथ पलंगावर पाय पसरून करंजी खात होती. ती म्हणाली, "आमच्यात मोठ्यांनी लहान्यांचे पाय धुवायचे असतात."

"आणि लहान्यांनी काय करायचं?"

"लाजायचं," रूथ म्हणाली. "सगळ्यांना जमत नाही हं ते. आमचे गावचे पाळकसाहेब नम्रतेवर तासभर प्रवचन देतात आणि खुर्चीवर दुसरा कुणी बसला तर दोन रविवार बोलत नाहीत. पण बाईंनी ते मनावर घेतलंय. माझ्या आईचा हात उठला की पाच मिनिटांत विषय संपतो. बाईंचा विषय आठवडाभर पोटात राहतो. मी तर प्रार्थना करते की देवा, या बाईला एकदा तरी राग येऊ दे."

आता मी वाघोलीच्या एका कॉलेजात शिकवते. परवा एका मुलीनं प्रोजेक्ट चौथ्यांदा उशिरा आणलं. मी नुसतं म्हणाले, "बस, पाणी पी, मी बहुतेक नीट समजावलं नसेल." तर ती म्हणाली, "मॅडम, प्लीज ओरडा ना. हे असं खूप स्केअरी होतं." मला फार बरं वाटलं, आणि बरं वाटल्याबद्दल थोडी लाजही वाटली. बाईंना तसं बरं वाटत असेल का, हे मला विचारायचं राहून गेलं.

माझ्या बाबांची रीत बाईंच्या नेमकी उलटी होती. ते बुलढाण्याकडे आमच्या तालुक्याच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. दहावीवर कंडक्टर म्हणून लागले आणि आवाजाच्या जोरावर कंट्रोलरच्या केबिनमध्ये पोहोचले, असं ते स्वतः सांगत. माइक बिघडला तरी स्टँडचं काम थांबत नसे. घरीसुद्धा ते जेवायला वाढलं की तीनदा पुकारायचे. आईनं एकदा म्हटलं होतं, "अहो, मी इथंच हाय, फलाटावर नाही." पुण्याला मला पाठवायचं त्यांनीच ठरवलं, भावकीशी भांडून ठरवलं, आणि त्यांची अट एकच होती. हॉस्टेल कडक पाहिजे.

माझ्या दुसऱ्या वर्षाच्या डिसेंबरात त्यांच्या स्टँडवरचे एक ड्रायव्हरकाका पुण्याची गाडी घेऊन आले होते. आईनं त्यांच्याबरोबर माझ्यासाठी धपाट्यांचा डबा दिला होता. ते हॉस्टेलच्या फाटकाशी आले तेव्हा बाई पदर खोचून व्हरांड्याची फरशी पुसत होत्या, कारण कुणीतरी चिखलाच्या चपला घालून आत गेलं होतं, आणि आठदहा मुली भोवती उभ्या राहून "बाई, द्या ना, बाई, आता द्या ना" म्हणत होत्या. काकांनी डबा दिला आणि परत जाऊन बाबांना जे पाहिलं ते सांगितलं. फक्त मुली काय म्हणत होत्या ते त्यांना फाटकापासून ऐकू आलं नव्हतं.

बाबांचा फोन आला. माझा बटणांचा मोबाइल होता, तो कानापासून हातभर लांब धरला तरी रूथला सगळं ऐकू येत होतं.

"तुही हेडबाई फरशी पुसते आन् तुम्ही पोट्ट्या उभ्या राहून पाहता म्हणे?"

"बाबा, तसं नाही ते."

"तिचा आवाज कसा हाय?"

खोटं बोलणं मला जमायचं नाही, आणि खरं सांगितलं तर संपलंच होतं.

"समजलं मले," बाबा म्हणाले. "मी शनिवारी येतो. सोताच्या डोळ्यांनं पाहतो. वचक नसन तर बॅग उचल आन् घरी चाल. परीक्षा बाहेरून दे नाहीतर देऊ नको. तुह्या मामानं एक स्थळ आणलंच हाय."

ते स्थळ मला माहीत होतं. मुलगा चांगला होता, त्याच्याविषयी माझी काही तक्रार नाही. पण मी दुसऱ्या वर्षाला होते, आणि वर्गात प्रश्न विचारायला हात वर करण्याचं धैर्य मला नुकतंच येऊ लागलं होतं. ते अर्धवट टाकून गेले असते तर पुन्हा परत आले नसते, हे मला माहीत होतं. घरी जाऊन बाहेरून परीक्षा देणाऱ्या आमच्याकडच्या मुलींपैकी कुणी ती दिल्याचं मी ऐकलं नव्हतं.

रूथनं सूत्रं हातात घेतली. संध्याकाळी आम्ही सातआठ जणी बाईंच्या खोलीत गेलो. बाई नाताळच्या चांदणीला पिवळा कागद चिकटवत होत्या. रूथनं सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "बाई, शनिवारी तुम्ही वैशालीच्या बाबांसमोर आमच्यावर एकदा ओरडा. एकदाच."

बाईंनी कात्री खाली ठेवली. त्यांना हसू आलं नाही, हेच त्यांचं अवघड होतं. कुणी काहीही मागितलं तरी त्या मनापासून विचार करायच्या. "पण काय म्हणून ओरडू? तुम्ही काही केलं तर पाहिजे."

"आम्ही करतो ना," एक जण म्हणाली. "सांगा, काय करू? ताट फोडू?"

"ताट नको गं, संस्थेचं आहे." मग थोडं थांबून म्हणाल्या, "हे बघा, किल्ल्या माझ्या कमरेला आहेत. तुमच्या नाहीत. तुम्ही एखादे वेळी ओरडलात तर समजण्यासारखं आहे. मी कशाला ओरडू?" आमची तोंडं उतरलेली पाहून त्यांनाच वाईट वाटलं. "बरं. वैशालीचं शिक्षण महत्त्वाचं आहे. मी प्रार्थनेत मागते."

"राग मागणार?" रूथनं विचारलं.

"आवाज मागते. रागाचं नंतर बघू."

शुक्रवारी जेवणघरात तालीम झाली. स्वयंपाकाच्या शेवंतामावशी दारात लाटणं घेऊन उभ्या राहिल्या. बाईंनी चष्मा नीट केला, दीर्घ श्वास घेतला आणि म्हणाल्या, "मुलींनो." मग खोकल्या. "मुलींनो, ताटं उचला. आत्ताच्या आत्ता." इथवर बरं जमलं होतं. पण समोरच्या मुलीच्या ताटात अर्धी भाकरी होती, तिच्याकडे बघून त्या म्हणाल्या, "तुझं झालं नसेल तर राहू दे हं." शेवंतामावशींनी पदरात तोंड खुपसलं. मावशी स्वतः हडपसर गावातल्या जुन्या, त्यांच्या हाकेवर मंडईतली गाढवं थांबायची. त्या म्हणाल्या, "बाई, तुमच्या पाठीमागं पडद्याआड हुबी ऱ्हाते. तुमी तोंड हलवा, मी वरडते." बाईंनी तेवढं मात्र ठामपणे नाकारलं. तो खोटेपणा झाला असता.

मग आम्ही दुसरा उपाय काढला. बाई ओरडू शकत नसतील तर आपण घाबरू. बाई दिसल्या की भिंतीला चिकटून खाली बघायचं. शनिवारी सकाळी बाई जिन्यावरून उतरल्या तर बारा मुली दोन्ही बाजूंना भिंतीला पाठ लावून उभ्या. बाई जागच्या जागी थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, "पाल आहे का?"

बाबा साडेअकराला आले. रात्रभर गाडीत बसून वाघोलीला उतरले होते आणि खराडीवरून रिक्षा बदलत आले होते. पांढरा शर्ट, खिशाला पेन, डोळे लाल. भेटायच्या खोलीत बाईंनी स्वतः पाणी आणून दिलं. मी दाराशी उभी होते. बाबा बाहेरच्या लोकांशी बोलताना स्टँडवरची मराठी वापरत. ते खोलीभर आवाजात म्हणाले, "मॅडम, मी सरळ विचारतो. आपल्या हॉस्टेलमध्ये शिस्तीची काय व्यवस्था आहे?"

बाई हात जोडूनच बसल्या होत्या. "तुम्ही मुलीला एवढ्या लांब माझ्या भरवशावर ठेवलंय, तुम्हाला खरं सांगायला हवं. मी तुमच्यासमोर मुलींवर ओरडावं असं मुलींनी मला सांगितलं होतं. मी सरावही केला. पण मला जमलं नाही. माफ करा."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे पाहिलं.

"आजवर एकदाही ओरडला नाही?"

"नाही हो. तसं म्हणायला एकदा मांजरावर. पण ते बहिरं निघालं."

बाबा उठले. मला म्हणाले, "बॅग भर. दुपारची गाडी हाय." आणि बाहेर अंगणात गेले.

मी वर गेले आणि पलंगाखालून बॅग ओढली. रूथ माझे कपडे घडी घालून देत होती आणि रडत होती, तिच्या घड्या नेहमीपेक्षा नीट पडत होत्या ते बघून मलाही रडू आलं. पुस्तकं न्यायची की नाही हे मला कळेना. शेवटी ती बॅगेत कपड्यांच्या वर ठेवली, की निदान बाबांना दिसतील. आणि तेवढ्यात खिडकीखालून गुणगुणणं ऐकू आलं.

त्याचं असं झालं होतं. नाताळ आठवड्यावर आला होता म्हणून आम्ही सगळ्या मुलींनी मागच्या रविवारी अंगणाच्या भिंतीला चुना लावला होता. बाबा त्या भिंतीपाशी उभे राहिले. ते अस्वस्थ झाले की खर्रा तोंडात टाकायचे. आमच्याकडे सुपारी, तंबाखू, चुना घोटून पुडीत बांधून देतात तो. स्टँडवर माणूस जिथं उभा असेल तिथंच थुंकतो. बाबांनी मान वळवली आणि पांढऱ्याशुभ्र भिंतीवर हातभर लांब तांबूस पिचकारी मारली. बाई व्हरांड्यातून बघत होत्या. त्या आत गेल्या, बादली आणि काथ्या घेऊन आल्या, बाबांच्या शेजारी उकिडव्या बसल्या आणि घासू लागल्या.

"मॅडम, हे काय करता? राहू द्या," बाबा म्हणाले.

"माझंच चुकलं हो. पाहुणे येणार म्हटल्यावर इथं मोरीची जागा दाखवायला हवी होती. तुम्ही प्रवासानं दमलेले." आणि त्या पुन्हा गुणगुणू लागल्या.

एवढं पुरेसं होतं. तालमी, भिंतीला चिकटणं, सगळं विसरून पूर्ण हॉस्टेल जिन्यावरून खाली कोसळलं. कुणी बादली, कुणी खराटा, एकजण केसांना साबण लावलेल्या अवस्थेत. शेवंतामावशी पिठाच्या हातांनी. कुणी हाक मारली नव्हती, कुणी पुकारलं नव्हतं, आणि अर्ध्या मिनिटात पन्नाससाठ मुली अंगणात उभ्या. बाबांनी उभ्या आयुष्यात माइकवरून पुकारून एवढी माणसं एवढ्या वेळात गोळा केली नव्हती. मी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बॅग घेऊन पोहोचले तेव्हा सगळ्या मुली बाबांकडे बघत होत्या. रागानं नव्हे. कीव करून. आम्हा प्रत्येकीला ठाऊक होतं की आता यांची आठवडाभर सुटका नाही.

बाबांनी बादलीची कडी धरली. बाईंनी सोडली नाही. "अहो, तुम्ही पाहुणे."

"मॅडम, द्या म्हणतो ना."

"नको हो, तुमचा शर्ट खराब होईल."

बादली थोडी इकडे, थोडी तिकडे झाली. अर्धं पाणी बाबांच्या बुटांत गेलं. शेवटी बाबा ज्या आवाजात बोलले तो मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. तो जवळजवळ बाईंचाच आवाज होता. "ताई, द्या. पाया पडतो."

बाईंनी कडी सोडली.

घासून डाग फिका झाला, पण गेला नाही. मग रूथनं चुन्याचा डबा आणि कुंचला आणून बाबांपुढे ठेवला. बाबांनी डागावर चुना लावला. आता तेवढा ठिगळासारखा जास्त पांढरा दिसू लागला. म्हणून त्यांनी आजूबाजूला लावला. मग ते ठिगळ मोठं दिसू लागलं. बाबांनी बाह्या वर केल्या. दुपारची गाडी निघून गेली तेव्हा ते फाटकापासून अजून दोन खांब दूर होते. आयुष्यभर दुसऱ्यांना गाडीची वेळ सांगणाऱ्या माणसानं घड्याळाकडे बघितलं नाही. मध्येच एक लहानखुरी मुलगी त्यांच्याजवळ गेली आणि सवयीनं म्हणाली, "काका, जरा लवकर करा. बाई अजून जेवल्या नाहीत."

"काहून?"

"शेवटचा माणूस जेवल्याशिवाय जेवत नाहीत."

बाबांनी व्हरांड्याकडे पाहिलं. बाई स्टुलावर बसून चांदणीला शेपटी लावत होत्या. त्यानंतर भिंत फार भराभर झाली.

जेवायला बाबा आम्हा मुलींच्या जेवणघरात बसले. वांग्याची भाजी, भाकरी, आणि नाताळसाठी राखून ठेवलेल्या करंज्यांतली एक. बाईंनी उभं राहून वाढलं. बाबांनी मान वर केली नाही आणि ताटात कण ठेवला नाही. ते उठल्यावर बाई बसल्या. बाबा जिन्यात आमच्यात येऊन बसले आणि बाईंची भाकरी किती वातड झाली असेल ते आमच्याबरोबर बघत राहिले.

फाटकाशी मी बॅग घेऊन उभी राहिले. बाबांच्या मिशीला चुना होता.

"बॅग कायले आणली?"

"तुम्हीच म्हणालात, भर म्हणून."

"म्हणलो असन." त्यांनी मिशीवरून हात फिरवला, चुना अजूनच पसरला. "वैशू, मी पंचवीस वर्षं ओरडून राहिलो. ड्रायव्हर लोक माह्यासमोर हो म्हणतात आन् पाठ फिरली का हसतात. मले का माहीत नाही?" मग त्यांनी बॅग माझ्या हातातून घेतली, फाटकाच्या आत नेऊन ठेवली आणि म्हणाले, "इथंच राहा. लय कडक बाई हाय."

पुढच्या आठवड्यात ड्रायव्हरकाका पुन्हा आले. या वेळी ते फाटकापासूनच चप्पल हातात घेऊन आले. त्यांनी मला बाजूला बोलावून विचारलं, "तुह्या बाबाची तब्येत बरी हाय ना? माही गाडी अर्धा तास लेट आली, तर म्हणे, माझंच चुकलं, तुम्हाले रस्त्याचं काम सुरू हाय हे सांगाले पाहिजे होतं. आन् चहा पाजला. आमची सगळी झोप उडाली. सस्पेंड करते का काय?"

मी बाबांना फोन केला. मागे हॉर्न वाजत होते. बाबा हळू बोलत होते, मला मोबाइल कानाला घट्ट लावावा लागला. "गाड्या टाइमावर निघून राहिल्या," ते म्हणाले, "पण मले दिवसभर जीभ चावून राहा लागते. तुह्या बाईला विचार, हे सोपं कधी होते?"

मी फोन तसाच धरून बाईंच्या खोलीत गेले आणि विचारलं. बाईंनी नेहमीसारखा मनापासून विचार केला. "त्यांना सांग," त्या म्हणाल्या, "पहिली तीस वर्षं जड जातात."

मी सांगितलं. पलीकडे हॉर्नच्या आवाजात बाबा पुटपुटत हिशेब करताना ऐकू आले.

"मले तर रिटायर व्हायले सातच राहिले," बाबा म्हणाले. आणि मग फोन कानालाच असताना, मला कधी ऐकायची सवय नसलेल्या आवाजात, कुणाला तरी म्हणाले, "अहो ड्रायव्हरसाहेब, गाडी जरा मागं घेता का?"